गुडघा कुठे दुखतोय, कधी दुखतोय आणि मधल्या काळात काय बदललं?

यावेळी गुडघ्याचीच पत्रं इतकी आली आहेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. आणि लिहिणारी मंडळी एका जागी बसून असणारी नाहीत, पळणारी आहेत, गड चढणारी, सायकल हाणणारी, कबड्डी-बॅडमिंटन खेळणारी. भीती मात्र जवळजवळ सगळ्यांची सारखीच, गुडघा झिजला का आणि आता सगळं सोडावं लागणार का. मी स्पोर्ट्स फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे असं कोणी आलं की रिपोर्टची फाईल उघडायच्या आधी मी तीन गोष्टी विचारते, एका बोटाने दाखवा कुठे दुखतं, कधी दुखतं, आणि दुखायला लागायच्या आधीच्या दीड-दोन महिन्यात तुमच्या व्यायामात काय बदललं. हालचाल करणाऱ्या माणसाचा गुडघा बहुतेक वेळा झिजलेला नसतो, त्याच्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त काम अचानक पडलेलं असतं. पत्र वाचून पक्कं निदान होत नाही, तपासणी लागतेच, पण कुठल्या दिशेने जायचं ते सांगता येतं.

प्रश्न: नमस्कार मॅडम, वय ३८, आयटीत आहे, दीड वर्षापासून पळतोय. जानेवारीत मुंबईला हाफ मॅरेथॉन करायची म्हणून दोन महिन्यात आठवड्याचे २० किलोमीटर होते ते ३८ वर नेले, ग्रुपमधले म्हणाले पेडर रोडच्या चढाची तयारी पाहिजे म्हणून चढावर पळणंही चालू केलं. आता उजव्या गुडघ्याला पुढच्या बाजूने दुखतं, एका बोटाने दाखवता येत नाही, वाटीच्या भोवती सगळीकडेच. जिना उतरताना जास्त, आणि दोन तास मीटिंगमध्ये बसून उठलो की पहिली चार पावलं नको वाटतात. एमआरआयमध्ये कॉन्ड्रोमलेशिया ग्रेड २ आलंय. डॉक्टर म्हणाले वाटीमागची कूर्चा खराब झालीये, पळणं कायमचं बंद. खरंच बंद करू का?
(नाशिकचा एक वाचक)

उत्तर: कायमचं बंद करावं असं तुमच्या पत्रात मला काहीच दिसत नाही. पुढच्या बाजूला, वाटीच्या भोवती पसरट दुखणं, जिना उतरताना आणि बराच वेळ गुडघा दुमडून बसल्यावर जास्त, याला पॅटेलोफेमोरल पेन म्हणतात आणि पळणाऱ्यांमध्ये हा प्रकार अगदी नेहमीचा आहे. आपली वाटी मांडीच्या हाडावरच्या खोबणीत वर-खाली सरकत असते, गुडघा जितका जास्त वाकतो आणि मांडीचा स्नायू जितका जोर लावतो तितकी ती हाडावर दाबली जाते. सपाटीवर चालताना हा दाब साधारण आपल्या वजनाच्या आतच असतो, जिन्यावर तिपटीच्या आसपास जातो आणि खोल बैठकीत सात-आठ पटीपर्यंत. म्हणून चालताना तुम्हाला काहीच होत नाही आणि जिना आला की दुखतं.

आता तुमचेच आकडे बघा, २० चे ३८ म्हणजे दोन महिन्यात जवळपास दुप्पट, त्यात चढ घातला, आणि चढ म्हटला की तेवढाच उतारही आला. हे सगळं जमाखर्चासारखं असतं, गुडघ्याची ताकद हळूहळू जमा होते पण खर्च मात्र एका आठवड्यात दुप्पट करता येतो. दम लवकर सुधारतो, चार-सहा आठवड्यात फरक जाणवतो, त्यामुळे आपल्याला वाटतं जमतंय की आणि आपण वाढवत जातो, पण हाडं, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर), कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) यांना तयार व्हायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो.

रिपोर्टबद्दल सांगायचं तर कूर्चेला दुखणं जाणवून देणाऱ्या नसा (नर्व्ह) नसतात, त्यामुळे कूर्चा थोडी मऊ झाली म्हणून तीच दुखते असं सरळ गणित नाही. ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय काढले तरी त्यातही ग्रेड १, ग्रेड २ निघतं. पळाल्याने गुडघे झिजतात या समजाबद्दलही एकदा नीट सांगते, २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले गेले तेव्हा हौशी पळणाऱ्यांमध्ये गुडघा किंवा खुब्याचा संधिवात साधारण ३.५ टक्के लोकांना होता आणि अजिबात न पळणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के. व्यावसायिक स्पर्धकांमध्ये तो जास्त होता, १३.३ टक्के. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या हौशी माणसाला पळण्याचं भय बाळगायचं काही कारण नाही.

तर आता करायचं काय. चढ-उतार सध्या पूर्ण बंद, आठवड्याचे किलोमीटर जिथे दुखत नव्हतं तिथे म्हणजे २० किंवा त्याहून थोडे खाली आणा. पळताना १० पैकी ३ पर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गुडघा पूर्ववत झाला तर चालेल, त्याच्यावर गेलं किंवा सकाळी जास्त दुखलं तर पुढच्या वेळी कमी. पावलं छोटी टाका, मिनिटाला जेवढी पावलं पडतात ती ५ ते १० टक्क्यांनी वाढवली की गुडघ्यावरचा भार कमी होतो, १६० असतील तर १७० च्या आसपास, मोबाईलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरलेल्या तालात टकटक करणारं, फुकट ॲप मिळतं ते लावून पळा. आणि ताकदीचे व्यायाम, नुसते मांडीचे नाही, खुब्याचेही, कारण खुबा ढिला पडला की प्रत्येक पावलाला मांडी आत वळते आणि वाटीवर वाकडा ताण येतो.

हे घरी बघायचं असेल तर आरशासमोर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दुखऱ्या पायावर उभे राहा, दुसऱ्या पायाची टाच मनात तीन मोजत खाली जमिनीला नुसती टेकवा आणि परत वर या. उभ्या पायाचा गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतोय का आत पडतोय, ढुंगण एका बाजूला खाली झुकतंय का, हे बघा. बहुतेकांचा पडतो, आणि पाचव्या-सहाव्या वेळेला तर सगळ्यांचाच. हाच व्यायाम म्हणूनही करा, न पडता जितके होतील तितके, एक दिवस आड. सोबत ब्रिज (पाठीवर झोपून, गुडघे दुमडून ढुंगण वर उचलणं), कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं आणि भिंतीला पाठ लावून अर्धवट बसणं. फरक पडायला सहा आठवडे, नीट ताकद यायला तीन महिने धरा. टेप लावल्याने सुरुवातीला बरं वाटतं, लावा. तेल लावून चोळल्यानेही बरं वाटतं, पण त्याने आठवड्याचे किलोमीटर कमी होत नाहीत. जानेवारीचं तेव्हाचं तेव्हा बघू, वेळ कमी पडली तर यावर्षी १० किलोमीटर पळा.

प्रश्न: मी २९ वर्षांची, दर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ट्रेक करते. चढताना काहीच त्रास नाही. कळसूबाई उतरताना साधारण पाऊण तासाने डाव्या गुडघ्याला बाहेरच्या बाजूने सुरी खुपसल्यासारखी कळ यायला लागते, मग मी पाय ताठ ठेवून एकेक पायरी उतरते. घरी आल्यावर दोन-तीन दिवसात गायब. हरिश्चंद्रगडालाही तेच. मित्र म्हणतो आयटी बँड आखडलाय, फोम रोलरने मोकळा कर. रोज रडत रडत रोल करतेय, काही फरक नाही.
(ठाण्याची ट्रेकर)

उत्तर: मित्राने नाव बरोबर सांगितलंय, उपाय चुकलाय. आयटी बँड म्हणजे खुब्यापासून मांडीच्या बाहेरच्या कडेने गुडघ्याच्या खाली नडगीच्या हाडापर्यंत जाणारा जाड पट्टा. गुडघा साधारण ३० अंशात वाकला की हा पट्टा हाडाच्या उंचवट्यावर दाबला जातो आणि त्याच्याखाली चरबीचा जो पातळ थर आहे, ज्यात भरपूर नसा असतात, तो चिरडला जातो. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघा नेमका याच कोनात येतो, शेकडो वेळा, म्हणून दुखणं पहिल्या मिनिटाला येत नाही, ठरलेल्या वेळाने येतं. तुम्ही लिहिलेला पाऊण तास ही याची अगदी पक्की खूण आहे. आणि पट्टा इतका चिवट असतो की रोलरने तो लांब होत नाही, उलट दुखऱ्या जागेवरच रोल केलंत तर आधीच चिरडलेल्या थराला अजून चिरडताय. तिथला रोलर आजपासून बंद, मांडीच्या पुढच्या भागावर आणि ढुंगणाच्या स्नायूवर फिरवा हवं तर.

मुख्य गोष्ट अशी आहे की आपण ट्रेकची तयारी करतो ती चढायची करतो. दम वाढवतो. उतरायची तयारी कोणीच करत नाही, आणि उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावण्याचं काम करतात, ते काम वेगळं आहे आणि त्याची सवय वेगळी लावावी लागते. तुमच्या बिल्डिंगचा जिना घ्या, लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या, आठवड्यातून तीनदा, दुखायच्या आत थांबायचं आणि मजले हळूहळू वाढवायचे. येऊरचा रस्ता जवळच आहे तुम्हाला, तिथे छोटी पावलं टाकत उतरायचा सराव करा. खुब्याचे व्यायाम वर नाशिकच्या दादांना सांगितलेत तेच.

ट्रेकिंग पोल घ्या, एक नाही दोन. आपल्याकडे पोल म्हणजे म्हाताऱ्यांचं असं उगाच झालंय, १९९९ सालच्या एका अभ्यासात उतारावर दोन पोल वापरल्यावर गुडघ्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी भरला होता, आणि हा फायदा हजारो पावलांना मिळतो. उतरताना पोलची लांबी थोडी वाढवायची. सॅक हलकी ठेवा, आणि दर वीकेंडला ट्रेक नको, दोन महिने लहान आणि कमी उताराचे करा, मग कळसूबाई.

प्रश्न: माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, शाळेच्या कबड्डी टीममध्ये आहे आणि सकाळी ॲथलेटिक्सलाही जातो. दोन महिन्यांपासून दोन्ही गुडघ्यांच्या खाली पुढे हाडावर टेंगूळ आलंय, हात लावू देत नाही, गुडघ्यावर बसता येत नाही. यावर्षी एकदम खूप उंच झालाय. कॅन्सर वगैरे तर नसेल ना, रात्रभर झोप लागत नाही हो मॅडम.
(सांगलीची एक आई)

उत्तर: ताई, तुम्ही जे वर्णन केलंय ते वाढीच्या वयातलं ऑसगुड-श्लॅटर असण्याचीच दाट शक्यता आहे, आणि ते आपोआप बरं होणारं आहे. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून येऊन नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जिथे चिकटतो तिथे या वयात हाड अजून कच्चं असतं. मुलाची उंची झपाट्याने वाढते, स्नायू त्या वेगाने लांब होत नाही, आणि वरून रोज दोन वेळा उड्या आणि धावणं, मग त्या कच्च्या जागी सारखी ओढ बसून ती सुजते. हाडाची वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं दुखणं थांबतं. टेंगूळ कधीकधी मोठेपणीही तसंच राहतं, ते सहसा दुखत नाही.

खेळ पूर्ण बंद करू नका, मुलं हिरमुसतात आणि गरजही नसते. दोन्हीपैकी एक काही महिने कमी करा, म्हणजे कबड्डी ठेवायची असेल तर सकाळचं ॲथलेटिक्स आठवड्यातून दोनदा. खेळून आल्यावर दहा मिनिटं बर्फ, कापडात गुंडाळून. मॅटवर गुडघे टेकताना पॅड. सरांना स्वतः जाऊन सांगा, कारण तेरा वर्षांचा मुलगा सरांना माझं दुखतंय हे सांगत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, आणि ही सगळ्या आईवडिलांसाठी आहे. मूल गुडघा दुखतोय म्हणतं, लंगडतं, पण गुडघ्याला हात लावला तर कुठेच दुखत नाही, अशा वेळी खुबा तपासून घ्याच. मोठ्या होणाऱ्या मुलांत, त्यातही वजन जास्त असलेल्यांत, खुब्याच्या हाडाचा गोळा वाढीच्या जागेवरून सरकू शकतो आणि दुखणं मांडीत किंवा गुडघ्यात जाणवतं. त्याला त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे न्यायचं आणि तोपर्यंत त्या पायावर उभं करायचं नाही. तसंच एकाच बाजूला दुखणं, खेळाशी काही संबंध नसलेलं, रात्री झोपेतून उठवणारं, सोबत ताप किंवा वजन उतरणं, असं असेल तर लगेच दाखवा. तुमच्या मुलाचं तसं काही दिसत नाही, तरी मनाच्या शांतीसाठी एकदा तपासून घ्या आणि झोपा.

प्रश्न: नवीन गिअरची सायकल घेतली, रोज पुणे-लवळे असं ऑफिसला जातो. महिन्याभरात दोन्ही वाट्या दुखायला लागल्या. सायकल तर गुडघ्यांना चांगली म्हणतात ना?
(पुण्याचा सायकलवाला)

उत्तर: चांगलीच असते, सीट बरोबर असेल तर. तुमची सीट खाली आहे असं मी न बघता म्हणेन. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून बहुतेक जण सीट खाली ठेवतात आणि मग प्रत्येक पेडलला गुडघा जास्त वाकून वाटीवर दाब येतो. भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली न्या, त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवलंत की गुडघा थोडासा वाकलेला राहतो. एकदम वर नेऊ नका, अर्धा सेंटिमीटर करत वाढवा, फार वर गेली तर गुडघ्याच्या मागे दुखायला लागेल. आणि जड गिअर ढकलत चढ चढू नका, हलक्या गिअरवर मिनिटाला ८० च्या आसपास पेडल मारा. एवढं करून तीन-चार आठवड्यात कमी झालं नाही तर परत लिहा.

प्रश्न: वय ५२, गेली वीस वर्षं बॅडमिंटन खेळतेय. तीन महिन्यांपूर्वी खाली बसून उठताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला चमक भरली, थोडी सूज आली, आता बरंच कमी आहे पण वळताना टोचतं. एमआरआयमध्ये मेनिस्कसला डीजनरेटिव्ह टेअर. दुर्बिणीतून फाटलेली गादी काढून टाकू, दोन दिवसात घरी, असं सांगितलंय. तारीख घेतलीये. घरचे म्हणतात करून टाक, मी घाबरलेय.
(डोंबिवलीची एक वाचक)

उत्तर: ताई, गुडघा मधेच अडकून बसतोय का, म्हणजे वाकवलेला सरळच होत नाही असं? तसं नसेल तर तारीख पुढे ढकला. पुढे ढकलल्याने नुकसान नाही.

मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधल्या दोन गाद्या. विशीतल्या पोराची गादी खेळताना पाय मुरगळून फाटणं आणि पन्नाशीत तिला बारीक चिरा पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रिपोर्टमध्ये मात्र दोन्हीला टेअरच लिहितात आणि माणूस घाबरतो. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वयाच्या जवळपास हजार लोकांचे सरसकट एमआरआय काढले होते, तो अभ्यास २००८ साली छापून आला. ज्यांच्या गाद्या फाटलेल्या निघाल्या त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्यात काहीच दुखलेलं नव्हतं.

पुढचा अभ्यास तर तुमच्या डॉक्टरांशी बोलताना जरूर काढा. फिनलंडमध्ये तुमच्यासारख्याच झिजेने फाटलेली गादी असलेल्या १४६ लोकांपैकी निम्म्यांची गादी खरंच कापली आणि निम्म्यांना भूल देऊन, भोकं पाडून, आत काहीच न करता टाके घातले. कोणाला काय केलंय हे त्यांनाही माहीत नव्हतं. वर्षभराने बघितलं तर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं, आणि तेव्हापासून या वयातल्या अशा टेअरला आधी व्यायाम हेच सांगितलं जातं. गादी भार पसरवायचं काम करते, ती कापून काढली की तेवढा भार कूर्चेवर जातो, तो आयुष्यभर.

तुम्ही तीन महिन्यात बऱ्याच सुधारला आहात हे तुमच्याच पत्रात आहे. आता अजून तीन महिने नीट फिजिओकडे जाऊन ताकदीचे व्यायाम करा, मांडी, मागचा स्नायू, खुबा, पोटरी, नुसती मशीन लावून शेक घेणं नव्हे. एका पायावर तोल सांभाळायचे व्यायाम त्यात हवेत, बॅडमिंटनला ते लागतातच. सूज पूर्ण गेली आणि लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं) दुखल्याशिवाय जमायला लागला की आधी नुसत्या रॅली, मग हाफ कोर्ट, मग डबल्स. या काळात गुडघा खरोखर अडकायला लागला किंवा सहा महिन्यांनीही काहीच फरक नसेल तर ऑपरेशनचा विचार करता येईल, तेव्हाही मी एका दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या असंच म्हणेन.

प्रश्न: मी मुलींना कबड्डी शिकवतो. आमची एक रेडर, १९ वर्षांची, चढाई करून परत वळताना पाय रोवला आणि गुडघा आत गेला, टक्क आवाज तिला स्वतःला ऐकू आला. तासा-दीड तासात गुडघा टम्म सुजला. घरच्यांनी गावातल्या एकाकडून चोळून आणि बांधून घेतलं. एक्स-रे नॉर्मल आला. तीन आठवड्यात सूज उतरली, आता सरळ चालते-पळते, पण दिशा बदलली की गुडघा निसटतो म्हणते. पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या मॅचेस आहेत. खेळवू का?
(कोल्हापूर जिल्ह्यातले एक कोच)

उत्तर: सर, कृपा करून खेळवू नका. आवाज आला, काही तासातच गुडघा फुगला आणि आता वळताना निसटतो, या तीन गोष्टी एकत्र आल्या की एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत दोन हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटलंय असंच धरून चालायचं, नाही असं सिद्ध होईपर्यंत. इतक्या झपाट्याने सूज येते ती बहुतेक वेळा सांध्यात रक्त उतरल्याने येते. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, लिगामेंट दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे नॉर्मल आहे याने काहीच कळत नाही. आणि सूज उतरली, चालता येतंय, म्हणजे बरं झालं असं सगळ्यांना वाटतं, इथेच या मुलींचा घात होतो. सरळ रेषेत पळायला एसीएलची फार गरज पडत नाही, वळायला पडते. निसटणाऱ्या गुडघ्यावर खेळत राहिलं की दर वेळी गादी आणि कूर्चा चिरडत जाते, आणि एका दुखापतीच्या तीन होतात.

तिला या आठवड्यातच खेळाडूंचे गुडघे बघणाऱ्या ऑर्थोपेडिककडे न्या. हाताने केलेल्या तपासणीतच बरंच कळतं, एमआरआयने गादीचंही कळेल. चोळणं बंद. तुटलं असेल तर प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही, काही जण व्यायामावर चांगले राहतात, पण कबड्डीसारख्या वळायच्या-पकडायच्या खेळात परत यायचं असेल आणि गुडघा निसटत असेल तर बहुतेकदा ऑपरेशनचाच सल्ला मिळतो. त्यानंतरचं जास्त महत्त्वाचं. किमान नऊ महिने मॅच नाही. २०१६ साली नॉर्वेतल्या खेळाडूंवरचा अभ्यास आला, त्यात नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने पुढे ढकललं तितका, दर महिन्याला, पुन्हा दुखापत होण्याचा धोका जवळपास निम्म्याने कमी होत गेला. नऊ महिने झाले म्हणून लगेच खेळवायचंही नाही, दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आली पाहिजे.

आणि बाकीच्या मुलींसाठी एक विनंती करते. वळायच्या आणि उडीच्या खेळात मुलींना एसीएलचा धोका त्याच खेळातल्या मुलांपेक्षा दोन-तीन पट जास्त असतो, आणि सरावाच्या आधीच्या पंधरा-वीस मिनिटांच्या ठरावीक वॉर्मअपने तो बराच कमी करता येतो, हे फुटबॉल-हँडबॉलमध्ये सिद्ध झालंय. एका पायावर उडी मारून मऊ उतरणं, उतरताना गुडघा वाकवलेला आणि बोटांच्या रेषेत ठेवणं, पळता पळता थांबणं, दोन्ही बाजूंना वळणं, एक पार्टनर धक्का देत असताना तोल सांभाळणं, आणि मांडीच्या मागच्या स्नायूसाठी घोटे धरून घेऊन गुडघ्यावरून पुढे सावकाश झुकणं. आठवड्यातून दोन-तीनदा, पूर्ण सीझन. याला पैसा लागत नाही, मॅटही लागत नाही. खेड्यातल्या मुलीचा गुडघा गेला की घरचे म्हणतात झालं तेवढं पुरे, आणि तिचा खेळ तिथेच संपतो, ऑपरेशनचा खर्च कोण करणार. म्हणून हा वॉर्मअप तुम्ही उद्यापासून सुरू कराच.

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये तीन दिवस जोरात ताप आला, अंगावर पुरळ आली. ताप गेला पण दोन महिने झाले गुडघे, घोटे आणि मनगटं दुखतात, सकाळी उठल्यावर तासभर तर बोटंही वळत नाहीत. मला वाटलं पळणं जास्त झालं म्हणून बंद केलं, तरी तसंच.
(नागपूरहून)

उत्तर: हे पळण्याचं नाही. पळण्याने मनगट दुखत नाही, आणि सकाळी तासभर आखडणं हे सांध्यांच्या आतल्या सुजेचं लक्षण आहे. ताप, पुरळ आणि नंतर दोन्ही बाजूंचे सांधे धरणं म्हणजे चिकनगुनिया झाला असण्याची शक्यता मोठी, आयजीएम अँटिबॉडीची टेस्ट डॉक्टरांना विचारून करून घ्या. बऱ्याच जणांचं काही आठवड्यात किंवा महिन्यात कमी होतं, पण तीन महिन्यांच्या पुढे गेलं, सूज दिसत असेल, तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या सुजेच्या आजारांच्या डॉक्टरांकडेच जा, कारण काही वेळा आमवातही असाच सुरू होतो आणि त्याची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. तोवर पूर्ण पडून राहू नका, झेपेल तेवढं सपाटीवर चाला, सांधे सगळ्या दिशांनी हलवा. आणि नातेवाईकांच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर घेऊ नका.

प्रश्न: माझे वडील ६४ वर्षांचे, शेती करतात, यंदा आळंदीहून पायी वारीला जायचं म्हणतात, पहिल्यांदाच. बसताना-उठताना गुडघे कटकट वाजतात. शेजारचे म्हणाले वंगण संपलंय, वारीत गुडघे कामातून जातील. जाऊ द्यावं का?
(बारामतीची लेक)

उत्तर: जाऊ द्या, तयारी करून. आवाज येतो पण त्यासोबत दुखत नाही, सूज नाही, तर त्या आवाजाला काही अर्थ नाही, अनेकांचे गुडघे विशीपासून वाजतात. शेतात दिवसभर वाकणारा, चालणारा माणूस आहे, पाय तयार आहेत. फरक इतकाच की वारीत २५० किलोमीटरच्या आसपास चाल असते आणि ती सलग असते, आज पाय दुखले म्हणून उद्या घरी थांबता येत नाही. पुणे ते सासवड हा टप्पा तर भलताच लांब आणि त्यात दिवे घाट, तोही सुरुवातीच्या दिवसातच येतो. म्हणून सराव करताना नुसतं एक दिवस लांब चालून उपयोग नाही. दोन-अडीच महिने आधीपासून सुरू करा, आठवड्यातून चार दिवस पाच-सहा किलोमीटर, दर आठवड्याला थोडं वाढवत, आणि शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर करून बघा. तिसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला नाही, जिना नेहमीसारखा चढले, तर तयारी झाली समजा. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं रोज दोन वेळा दहा-दहा करायला सांगा.

चप्पल किंवा बूट जे घालणार ते सरावातच वापरून मऊ केलेले हवेत, नवे कोरे वारीला नेऊ नका. सामान ट्रकमध्ये द्यायचं, पाठीवर फक्त पाणी आणि रेनकोट. आणि पिशवीत दुखण्याच्या गोळ्या ठेवताय त्या डॉक्टरांना विचारून ठेवा. वाटेत कोणी डायक्लोफिनॅकच्या गोळ्या दिल्या आणि पाणी कमी पिऊन दिवसभर चालत त्या घेत राहिले तर किडनीवर ताण येतो, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. पॅरासिटॅमॉल चालेल, पाकिटावरच्या प्रमाणात. एक पोटरी सुजून गरम लागली किंवा गुडघा लाल होऊन ताप आला तर चालणं थांबवून पालखीसोबतच्या वैद्यकीय पथकाला लगेच दाखवायचं, हे त्यांना आणि त्यांच्या दिंडीतल्या सोबत्यांना दोघांनाही सांगून ठेवा.